मानेला ‘निधान’ शिकवताना

बेळगावच्या कोर्टाजवळ टायपिंगचं एक छोटं दुकान आहे. तिथं मी एकोणीस वर्षं बसते. वाटणीपत्रं, खरेदीपत्रं, वारसाचे अर्ज, जे येईल ते टाइप करून देते. आपल्या भागाचा प्रकार ठाऊकच आहे. १९५६च्या नोव्हेंबरपर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, त्यामुळे आजोबा-पणजोबांचे कागद मराठीत आणि आज द्यायचा अर्ज कन्नडमध्ये. टेबलावर डाव्या हाताला जुना मराठी कागद, समोर पडद्यावर कन्नड. मान डावीकडे, मग समोर, परत डावीकडे. असं दिवसभर.

सहा वर्षांपूर्वी मान धरली. आधी वाटलं उसण भरली असेल, दोन दिवसांत जाईल. दोन दिवसांचे दोन महिने झाले. डाव्या खांद्याच्या पाठीमागं, पात्याच्या आतल्या बाजूला, कुणी बोट रुतवून ठेवल्यासारखी कळ. संध्याकाळी डोकं जड. तेल झालं, शेक झाला, मलम झालं. मग एमआरआय काढला. रिपोर्ट बघून एका डॉक्टरांनी सांगितलं, “मणक्यांमधली गादी सरकलीय. मान जपा, फार वळवू नका.” त्या एका वाक्यानं माझी दोन वर्षं खाल्ली. गळ्यात पट्टा बांधून बसायची, आणि मागं कुणी हाक मारली तर कमरेपासून सगळीच्या सगळी वळायची. दुखणं कमी झालं नाहीच, उलट पसरलं. माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्ती म्हणते, रोज म्हणायच्या, “कशाला येवढं सोसायलीस? दुकान सोड की.” दुकान सोडणं परवडणारं नव्हतं.

पुढं मला जे कळत गेलं, ते पतसंस्थेच्या काउंटरवर, ग्रामपंचायतीच्या संगणकापुढं, उद्यमबागेतल्या कारखान्याच्या हिशेबात किंवा घरी बसून पुण्या-बंगळूरच्या कंपनीचं काम करणाऱ्या प्रत्येकाला कळावं असं मनापासून वाटतं. म्हणून हे लिहितेय.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. हातापायातली ताकद कमी होत चाललीय, हातातून वस्तू निसटतात, चालताना तोल जातो, लघवी-संडासवरचा ताबा सुटतोय, मांड्यांच्या मधली जागा बधिर झालीय, दुखण्यासोबत ताप आहे, वजन आपोआप उतरतंय, पूर्वी कॅन्सर होऊन गेलाय किंवा पडण्या-आपटण्यानंतर दुखू लागलंय, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडं जा. हे सगळं नाही, तपासणी झालीय, ‘गंभीर काही नाही’ असं सांगितलंय आणि तरीही तीन महिन्यांच्या वर दुखतंच आहे, अशांसाठी पुढचं आहे. तीन महिन्यांच्या पुढं गेलेल्या दुखण्याला वैद्यकात जुनाट वेदना म्हणतात, आणि तिचं वागणं ताज्या दुखण्यापेक्षा वेगळं असतं.

दुखणं म्हणजे इजेचं मोजमाप नव्हे

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक चित्र असतं. शरीरात कुठं तरी काही बिघडलं की तिथून मेंदूपर्यंत दोरी ओढली जाते आणि घंटा वाजते. जितका बिघाड, तितकी मोठी घंटा. सतराव्या शतकात देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञानं जवळजवळ हेच चित्र मांडलं होतं. पण १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन वेदना-संशोधकांनी असं मांडलं की मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. खालून येणारी खबर किती आत सोडायची, हे त्या फाटकावर ठरतं, आणि ते फाटक उघडण्या-मिटण्यात वरून मेंदूचाही हात असतो. लागल्या जागेवर आपण हात चोळतो आणि बरं वाटतं, त्यामागं हेच आहे. चोळण्याचा स्पर्श फाटक थोडं ओढून घेतो.

१९९५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका २९ वर्षांच्या बांधकाम कामगाराची हकीकत छापून आली होती. त्यानं खाली उडी मारली ती नेमकी १५ सेंटीमीटरच्या खिळ्यावर. खिळा बुटातून आरपार. वेदना इतक्या की खिळा जरा हलवला तरी सहन होईना, गुंगीचं औषध द्यावं लागलं. बूट काढला तर खिळा दोन बोटांच्या मधून गेलेला, पायाला ओरखडासुद्धा नाही. त्याच्या वेदना खोट्या होत्या का? अजिबात नाही. मेंदूनं धोका पाहिला आणि वेदना निर्माण केली. याच्या उलट तुम्ही-आम्ही रोज अनुभवतो. घाईत विळीवर भाजी चिरताना बोट कापतं, आणि रक्त दिसेपर्यंत कळतही नाही.

म्हणून वेदना हा मेंदूचा अंदाज असतो, ‘इथं धोका आहे, जपायला हवं’ असा. ताज्या जखमेत तो अंदाज बहुधा बरोबर निघतो. जुनाट दुखण्यात जखम भरून येते, पण पहारा उठत नाही.

घरात एकदा चोरी झाली की राखणीचा कुत्रा कसा होतो, पाहिलंय? आधी फक्त अनोळखी माणसावर भुंकायचा. आता दूधवाल्यावर भुंकतो, पेपरवाल्यावर भुंकतो, वाऱ्यानं फाटक वाजलं तरी उठतो. त्याची नियत चांगलीच आहे, तो घर राखतोय. मज्जासंस्थेचंही असंच होतं. वारंवार खबर पोहोचत राहिली की मज्जारज्जूतल्या पेशी जास्त तिखट होतात. थोडक्या कारणानं पेटतात आणि पेटल्या की लवकर विझत नाहीत. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली प्रयोगातून हे दाखवलं. माझ्या मानेत नेमकं हेच झालं होतं. नुसती ओढणी खांद्यावर घेतली तरी कळ यायची.

आणि त्या रिपोर्टचं काय? जपानमध्ये मानेचं कसलंही दुखणं नसलेल्या १,२११ माणसांचे एमआरआय काढले होते, २०१५ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेतली गादी फुगलेली निघाली. विशी-तिशीतल्या, ठणठणीत पोरापोरींमध्येसुद्धा दहांतल्या सातांहून जास्त जणांची. म्हणजे माझ्या रिपोर्टमधला शब्द खोटा नव्हता. पण केस पिकावेत तसा तो बदल वयाबरोबर येतो, आणि तो दिसला म्हणून त्यानंच दुखतंय असं ठरत नाही. हे मला पहिल्याच दिवशी कुणी समजावलं असतं तर गळ्यात पट्टा आलाच नसता, ही माझी खरी तक्रार आहे.

इथं एक सांगायलाच हवं. ‘मेंदू वेदना निर्माण करतो’ याचा अर्थ ‘तुझं सगळं मनाचं आहे’ असा काढणाऱ्यांचा मला राग येतो. मज्जासंस्था शरीराचाच भाग आहे. तिच्या पेशी खऱ्या, तिचे बदल खरे, आणि दुखणारा माणूस खरा.

थोरली सून

मग बसून काम करण्यात नेमकं काय वाईट आहे? टाइप करायला ताकद ती कितीशी लागते?

गोम तिथंच आहे. स्नायू म्हणजे असंख्य धाग्यांचे गट. काम हलकं असलं की शरीर आधी लहान गटांना कामाला लावतं, आणि भार वाढला तरच मोठे गट येतात. हात अधांतरी धरून बटणं दाबायची म्हणजे मानेपासून खांद्यापर्यंत उतरणाऱ्या स्नायूला फार थोडं काम असतं. पण ते तासन्‌तास असतं, आणि करणारे तेच ते लहान धागे असतात. मोठ्यांची पाळीच येत नाही. १९९१ साली योरान हेग या स्वीडिश संशोधकानं या धाग्यांना सिंड्रेलाची उपमा दिली. आपल्याला परक्या गोष्टीतली मुलगी कशाला हवी? मोठ्या घरातली थोरली सून आठवा. सगळ्यांच्या आधी उठते, सगळ्यांच्या नंतर पाठ टेकते. एकेक काम बघितलं तर हलकंच. पण तिला बसायला मिळत नाही.

माझे वडील वडगावात कापड विणायला मागावर बसायचे. तेही दिवसाचे दहा तास बसूनच. पण खड्ड्यात सोडलेले पाय सतत पावड्या दाबायचे, एक हात धोट्याची दोरी ओढायचा, दुसरा फणी ठोकायचा, आणि धागा तुटला की उठून, वाकून तो सांधायचा. त्यांचे गुडघे दुखायचे, त्यांचं काम सोपं होतं असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या बसण्यात हालचाल होती. माझ्या बसण्यात दहा बोटं सोडली तर बाकी सगळं दगड. मोठ्या माणसाच्या मणक्यांमधल्या गाद्यांना रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. त्यांना पोषण मिळतं ते मुख्यतः शेजारून झिरपून, आणि दाब पडण्या-सुटण्याची त्याला थोडी मदत होते, पाण्यात स्पंज दाबून सोडावा तशी. हालचाल थांबली की तीही मदत मंदावते.

‘ताठ बस’ हा सल्ला म्हणून मला अपुरा वाटतो. ताठ बसून दगड झालं तरी दगडच.

निधान माड्री, अक्का

पट्टा सुटला तो एका फिजिओथेरपिस्ट मुलीमुळं. बैलहोंगलकडची, मराठी मोडकं बोलायची. मी मान वळवून दाखवायला गेले की म्हणायची, “निधान माड्री, अक्का, निधान.” कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश, माड्री म्हणजे करा. मराठीत निधान म्हणजे ठेवा. तिच्या तोंडून तो शब्द ऐकताना मला दोन्ही अर्थ ऐकू यायचे.

मला वाटायचं व्यायाम म्हणजे ओढून-ताणून, घाम येईपर्यंत करायची गोष्ट. ती मला इतकी थोडी मान हलवायला लावायची की पहिल्या दिवशी फसवल्यासारखं वाटलं. त्यामागचं कारण नंतर समजलं. डोक्यावर पन्नास किलोचं तांदळाचं पोतं असेल आणि त्यावर कुणी मूठभर तांदूळ टाकले, तर कळेल का? नाही. पण रिकाम्या ओंजळीत तेवढेच तांदूळ पडले तर लगेच कळतं. एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात हा नियम मांडला. जोर जितका कमी, तितका बारीक फरक जाणवतो. आणि फरक जाणवला तरच मज्जासंस्था नवीन काही शिकते. मोशे फेल्डेनक्राइस हा ज्युदो खेळणारा इंजिनिअर होता. गुडघा निकामी होत चालला तेव्हा त्यानं अशाच हळू, हलक्या, लक्ष देऊन केलेल्या हालचालींची पूर्ण पद्धत उभी केली. आपल्याकडच्या योगातही हे आहेच, फक्त वर्गात शेजारणीचा हात कुठवर पोचला ते बघण्याच्या नादात निसटून जातं.

मी करते ती एक हालचाल सावकाश सांगते.

जमिनीवर सतरंजी घालायची. उताणं झोपून गुडघे दुमडायचे, तळपाय टेकलेले. डोक्याखाली टॉवेलची घडी. आधी काहीच करायचं नाही. डोक्याचा भार नेमका कुठल्या जागेवर पडलाय, मधोमध की एका बाजूला? कुठला खांदा जमिनीला जास्त टेकलाय? चुकीचं काही शोधायचं नाही, नुसतं बघायचं. मग डोकं उजवीकडे घरंगळू द्यायचं. उचलायचं नाही, जमिनीवर नारळ घरंगळतो तसं. जिथं ताण सुरू होईल असं वाटतं, त्याच्या निम्म्यावर थांबायचं आणि परत यायचं. दुखऱ्या बाजूला निम्म्याचंही निम्मं. हालचाल इतकी संथ की एक फेरी व्हायला एक पूर्ण श्वास लागावा. आणि लक्ष मानेवर कमी, बाकी सगळ्यावर जास्त. श्वास थांबतोय का? दात आवळलेत का? खांदा मदतीला धावतोय का?

पहिल्यांदा हे केलं तेव्हा मला जे दिसलं त्यानं मी थक्क झाले. डोकं डावीकडे जायच्या आधीच माझा डावा खांदा कानाकडं सरकलेला असायचा आणि श्वास अडलेला. मान अजून हललेलीही नाही, आणि शरीर मार खायच्या तयारीत! दुसऱ्या दिवशी दुकानात पाहिलं तर तिथंही तेच. जुन्या कागदावरचं पुसट अक्षर लागलं नाही, किंवा कन्नडमधलं अवघड ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षर, आलं, की श्वास बंद, खांदा वर. दिवसातून शेकडो वेळा. इतकी वर्षं हे करत होते आणि मला पत्ता नव्हता.

मग दुसरा टप्पा. डोकं हळूच उजवीकडे, पण डोळे छतावर एका जागी. चार-पाच वेळा. नंतर डोकं उजवीकडे आणि डोळे डावीकडे. सुरुवातीला गोंधळ उडतो, उडू दे. डोळ्यांची आणि मानेच्या स्नायूंची घट्ट जोडी असते, नजर जिकडं तिकडं मान आपोआप तयार होते. ती जोडी थोडी सैल केली की मानेला जुन्या खोडीतून बाहेर यायला वाव मिळतो. मध्ये मध्ये थांबायचं, हातपाय सोडून पडून राहायचं. ही विश्रांती आळस नव्हे, शिकलेलं मुरतं ते याच वेळी. शेवटी पुन्हा पहिल्यासारखं, साधं डोकं घरंगळवून बघायचं. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं.

कुत्र्याची गोष्ट इथं लागू पडते. भुंकतो म्हणून त्याला मारलं तर तो आणखी बिथरतो, म्हणजे दुखऱ्या मानेला हिसके देणं. दूधवाल्याला येणंच बंद केलं तर तो कधीच शिकत नाही, म्हणजे गळ्यात पट्टा. दूधवाला रोज येतो, हळू येतो, लांब उभा राहतो, काही वाईट घडत नाही. मग एक दिवस कुत्रा मान वर करून नुसता बघतो आणि परत झोपतो.

मेंदूत शरीराचा नकाशा असतो, हे वाइल्डर पेनफील्ड या मेंदूच्या शल्यविशारदानं विसाव्या शतकात दाखवलं. ऑस्ट्रेलियातले संशोधक लॉरिमर मोझली यांनी जुनाट पाठदुखीच्या काही रुग्णांना आपापल्या पाठीची रेघ काढायला सांगितली, तर दुखऱ्या जागी त्यांना ती रेघ नीट सापडेना. नकाशाचा तेवढा भाग पुसट झालेला. घरी एक करून बघा. डोळे मिटून बसा आणि कुणाला तरी दोन बोथट पेन्सिली पाठीला हलकेच टेकवायला सांगा, कधी जवळ जवळ, कधी लांब. एक टेकलीय की दोन, ते ओळखायचं. माझ्या मुलानं हा खेळ महिनाभर खेळला माझ्याशी. सुरुवातीला डाव्या पात्याजवळ मला दोन्ही एकच वाटायच्या.

या सगळ्यानं दुखणं पार जातं का? माझं गेलेलं नाही, आणि कुणी पार घालवण्याची हमी दिली तर मी सावध होईन. सिएटलमध्ये ३४२ जणांवर केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. सगळे जुनाट कंबरदुखीचे. एका गटाला आठ आठवडे लक्षपूर्वक श्वास, शरीर न्याहाळणं आणि सोपी योगासनं शिकवली. सहा महिन्यांच्या सुमारास त्यांतल्या साधारण ६० टक्के लोकांचं रोजचं वागणं-वावरणं ठळक सुधारलेलं होतं. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४४ टक्के होतं. चमत्कार नाही, पण फरक आहे. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१७ साली जुनाट कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी व्यायाम, योग आणि अशा पद्धती सुचवल्या, त्या उगीच नाहीत. शिवाय चालणं, झोप आणि ताकदीचा व्यायाम यांना पर्याय नाही. मी सकाळी इथल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारातल्या झाडांखाली तीन फेऱ्या मारते, पावसाळ्यात छत्री घेऊन.

दुकानातही थोडी उलथापालथ केली. पोथी ठेवायचा एक लाकडी स्टँड घरात पडून होता, तो आणून पडद्याच्या शेजारी ठेवला आणि कागद त्यावर उभा केला. सोमवार ते बुधवार डावीकडे, पुढं उजवीकडे. पूर्वी करंट गेलं की सगळे उठून बाहेर यायचे, चहा व्हायचा, पाठ मोकळी व्हायची. आता बॅटरीवर चालतं सगळं, उठायचं निमित्तच गेलं. म्हणून प्रत्येक दस्त छापायला दिला की प्रिंटर थांबेपर्यंत मी खुर्चीतच कंबर जराशी पुढं-मागं झुलवते. बुडाची दोन हाडं खुर्चीवर कुठं टेकतात ते बघते, एक श्वास सोडते. अर्धा मिनिट. समोरच्या पक्षकाराला कळतही नाही.

मार्चअखेरला मात्र अजूनही गाठतं. नोंदणीची गर्दी, रात्री नऊपर्यंत काम, आणि तिसऱ्या दिवशी पात्याखाली ते ओळखीचं बोट. पूर्वी त्या क्षणी पोटात गोळा यायचा, ‘गेली मान’ म्हणून. आता मी हालचाल बंद करत नाही, निम्मी करते. सोळाच्या जागी आठ वेळा, निम्म्याच्या जागी पाव. करताना थोडं जाणवलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी वाढलेलं राहिलं तर आणखी कमी. यंदाच्या मार्चमध्ये ते बोट पाच दिवस राहिलं. मागच्या वर्षी तीन आठवडे होतं.